शिक्षा आणि शिक्षण

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस निमंत्रण दिले, तेव्हा आम्ही हमालांच्या मजुरीवर किंवा नव्या कामगार कायद्यांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. आयुष्यातील तीस वर्षे संघटनेच्या कामात गेली असल्याने ती रास्तच होती. परंतु आम्ही विषय बदलून मागितला. दुसरबीडच्या मंडळींनी वैशाखातल्या संध्याकाळी, दिवसभराचे ऊन सोसून, खुनी माणसाच्या सुधारणेवर काही ऐकावे हे थोडे चमत्कारिक वाटेल. पण शेवटपर्यंत ऐकले तर हा विषय आपल्या बाजारपेठेपासून फार दूरचा नाही असे दिसून येईल. त्या दिवशी जे बोललो तेच येथे जरा जुळवून लिहीत आहोत. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कोर्टाच्या ओट्यावर झाले. तेव्हा विद्वानांनी चुका पदरात घ्याव्यात.

प्रथम एक हकीगत सांगतो. तीतील गाव, वर्ष आणि नावे मुद्दाम गाळली आहेत. आमच्या संघटनेतील एका हमालाने दुसऱ्या हमालाचा जीव घेतला. दोघे एकाच टोळीत, एकाच थप्पीवर काम करणारे. हमालीच्या वाटणीवरून शब्दाला शब्द लागला. "तू पोती चोरून जास्त मांडलीस," असा एकाने आरोप केला, दुसऱ्याने उलट उत्तर दिले, आणि हातात पोते उचलण्याचा लोखंडी हूक होता. पुढचे सांगावयास नको. मारणाऱ्यास जन्मठेप झाली. मेलेल्याच्या मागे बायको आणि पहिलीत जाणारा मुलगा राहिला.

त्या वेळी आम्ही काय केले? वर्गणी काढली आणि आरोपीसाठी वकील दिला. तो आमचा सभासद होता, गरीब होता, आणि गरिबाला वकील मिळाला पाहिजे हे आम्ही आजही म्हणतो. पुढे तो मध्यवर्ती कारागृहात गेल्यावर वर्षातून दोनतीनदा मुलाखतीस जाऊ लागलो. निरक्षर होता; त्याला पाटी, अंकलिपी, मग पुस्तके नेऊन दिली. चार वर्षांत तो वाचू-लिहू लागला. त्याचे आम्हांस फार कौतुक वाटे व ते आम्ही सभांतून सांगतही असू.

अशाच एका आठवडी बाजारी ती बाई भाजी विकताना दिसली. आम्ही कोथिंबिरीची जुडी उचलली. तिने पैसे घेतले आणि शांतपणे विचारले, "भाऊ, तुम्ही त्याले तुरुंगात पुस्तकं नेऊन देता म्हणे. माह्या पोराच्या पुस्तकाचं काय?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. तोही आमचाच सभासद होता; चार वर्षांत त्याच्या घराची पायरी आम्ही एकदाही चढलो नव्हतो. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा आमचा प्रयत्न आहे.

'शिक्षा' आणि 'शिक्षण' हे दोन्ही शब्द एकाच धातूतून निघाले आहेत. 'शिक्ष्' म्हणजे शिकणे. हिंदी बोलणारा माणूस 'शिक्षा' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे शाळा येते. आपण म्हणतो तेव्हा छडी आणि गज येतात. एका शब्दाची अशी ताटातूट झाली खरी. ही दोन भावंडे पुन्हा एका घरात नांदतील काय, हाच तुरुंगसुधारणेचा सगळा प्रश्न आहे. आपल्या देशात तुरुंगांचा कारभार दीर्घकाळ १८९४ च्या कायद्यावर चालला. त्या कायद्याचे लक्ष बंदोबस्तावर होते. कैदी पळू नये, दंगा करू नये, काम करावे, एवढे झाले म्हणजे तुरुंग उत्तम. माणूस आत आला त्यापेक्षा बरा होऊन बाहेर जावा, ही अपेक्षा मागाहून आली. आज महाराष्ट्राच्या कारागृह विभागाचे ब्रीदच 'सुधारणा व पुनर्वसन' असे आहे.

तुरुंगात शिक्षण होऊ शकते याचे दाखले महाराष्ट्राला नवे नाहीत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. 'श्यामची आई' हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले. पण ही माणसे सत्याग्रही होती. स्वतःच्या मनाने तुरुंगात गेलेली. ज्याच्या हाताला रक्त लागले आहे त्याच्या बाबतीत काय करावे, याचे उत्तर यांच्या उदाहरणात नाही. ते शोधण्यासाठी माणदेशात, आटपाडीस जावे लागते.

आटपाडी हा पूर्वी औंध संस्थानचा भाग. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजे भवानराव पंतप्रतिनिधी तेथे राज्य करीत. त्यांच्याकडे मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलिश अभियंते आले. बंगलोरचा विजेच्या सामानाचा कारखाना सांभाळणारा हा गृहस्थ गांधीजींच्या नादाने खादी नेसू लागला आणि भारतानंद म्हणून ओळखला जाऊ लागला. राजेसाहेब, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि फ्रीडमन यांनी मिळून १९३९ साली आटपाडीजवळ कैद्यांची एक वसाहत उभी केली. तिचे नाव स्वतंत्रपूर. भिंत नाही, कुंपण नाही, बेड्या नाहीत. खुनासारख्या गुन्ह्यांत दीर्घ शिक्षा झालेले कैदी तेथे आपल्या बायकामुलांसह राहू लागले व जमीन कसू लागले. पुढे १९४८ साली संस्थान विलीन झाले, आटपाडी सांगली जिल्ह्यात आली, आणि ही वसाहत सरकारच्या तुरुंगखात्याकडे गेली. आटपाडी भागातलेच कवी ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखे बारह हाथ' हा चित्रपट काढला. त्यास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात पारितोषिक मिळाले. चित्रपट पुष्कळांनी पाहिला. ती वसाहत खरोखर आहे हे थोड्यांना ठाऊक असते.

स्वतंत्रपूरचे मर्म आमच्या मते असे की, तेथे कैद्याच्या हाती किल्ली दिली नव्हती, जबाबदारी दिली होती. पेरले तर खावयाचे. मुलाला ताप आला तर त्याला उचलून औषधाला न्यावयाचे. बंद तुरुंगात माणसाचे जेवण, झोप, उठणे सारे दुसरा ठरवितो. दहा वर्षे असे राहिलेल्या माणसाला एकदम रस्त्यावर सोडले तर त्याला एस. टी. चे तिकीट काढण्याचीही भीती वाटते. भीती आणि अपमान यांनी भरलेला माणूस पुन्हा हात उगारतो यात आश्चर्य कसले? पुढे पैठण, मोर्शी, येरवडा अशा ठिकाणी खुली कारागृहे झाली ती याच जाणिवेने. मात्र तेथे जावयास चांगली वर्तणूक दाखवावी लागते. बहुतेक कैद्यांचे बहुतेक आयुष्य भिंतीआडच जाते.

भिंतीआडही आता शाळा आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांची अभ्यासकेंद्रे राज्यातील मोठ्या कारागृहांत चालतात. निरक्षर आत आलेला कैदी पदवी घेऊन बाहेर पडल्याची उदाहरणे आहेत. परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास शिक्षेत विशेष माफी मिळण्याची सोय आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांच्या व त्यांच्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचे काम करीत आहे. ही सारी कामे मोलाची आहेत. आम्ही स्वतः आयुष्याच्या उत्तरार्धात पुस्तकांनी घडलेली माणसे असल्यामुळे अक्षराची थोरवी आम्हांस कोणी सांगावयास नको.

तरीही त्या बाईच्या प्रश्नाने आम्हांस एक गोष्ट दाखवून दिली. अक्षर हे हत्यार आहे. ते हाती आल्यावर माणूस त्याने काय लिहितो, हे त्याच्या मनातल्या गोष्टीवर अवलंबून असते. हिंसा करणाऱ्या बहुतेक माणसांच्या मनात एक गोष्ट तयार असते, आणि तीत अन्याय झालेला माणूस तो स्वतःच असतो. समोरचा चोर होता, समोरच्याने आई-बहिणीवरून शिवी दिली, दारू पोटात होती, दिवस वाईट होते. यांतले काही खरेही असते. पण या गोष्टीत मार खाणाऱ्याला चेहरा नसतो. नुसते शिक्षण दिले तर हीच गोष्ट तो अधिक चांगल्या मराठीत सांगू लागतो. म्हणून तुरुंगातील शाळेला दुसरा धडा लागतो : ज्याला आपण मारले, तो कोण होता, आणि त्याच्या घरात त्या रात्री काय झाले.

हा धडा कसा शिकवितात, याचे प्रयोग जगात झाले आहेत. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहराच्या सॅन ब्रूनो येथील तुरुंगात १९९७ पासून हिंसेचे गुन्हे केलेल्या कैद्यांसाठी असा वर्ग चालविण्यात आला. रोज कित्येक तास कैदी एकत्र बसत. प्रत्येकाने आपला गुन्हा क्षणाक्षणाने सांगावयाचा : काय ऐकले, छातीत काय झाले, हात केव्हा उचलला. 'रागाच्या भरात झाले' म्हणून सुटका नाही; कारण राग आणि हात यांच्यामध्ये एक क्षण असतो, तो क्षण शोधावयाचा. मग हिंसा सोसलेली माणसे, कोणाची आई, कोणाची बायको, त्या वर्गात येऊन आपली हकीगत सांगत. ती त्याच कैद्यांची बळी असत असे नाही. २००५ साली या वर्गाची तपासणी प्रसिद्ध झाली. त्या बराकीतील मारामाऱ्या पुष्कळ घटल्या, आणि जे जास्त महिने वर्गात राहिले ते सुटल्यावर हिंसेच्या गुन्ह्यात पुन्हा सापडण्याचे प्रमाण कमी झाले, असे तीत आढळले. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून अनेक देशांच्या तुरुंगांत ख्रिस्ती सेवकांनी असाच दुसरा अभ्यासक्रम चालविला आहे. बायबलातील जक्कय नावाचा जकातदार उंबराच्या झाडावर चढला होता व खाली उतरल्यावर लुबाडलेल्यांस चौपट परत देईन म्हणाला. त्या झाडाचे नाव त्या अभ्यासक्रमास दिले आहे. नाव योग्यच आहे. झाडावरून उतरणे आणि परत देणे, या दोन्ही गोष्टी त्यात आल्या.

आपल्याकडे विनोबांनी १९६० साली चंबळच्या खोऱ्यात पदयात्रा केली आणि वीस दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. १९७२ साली जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने शेकडो आले. हृदयपरिवर्तनाची ही घटना लहान नव्हे. पण मध्य प्रदेशचे त्या वेळचे पोलीसप्रमुख खुसरो रुस्तमजी, हे मूळचे आपल्या विदर्भातील कामठीचे, विनोबांच्या या मोहिमेवर नाराज होते; दरोडेखोरांना नसता मोठेपणा मिळतो व जीव धोक्यात घालणाऱ्या शिपायांचे मन खचते, असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही विनोबांचे भक्त असूनही या आक्षेपात तथ्य आहे असे मानतो. गुन्हेगाराच्या डोळ्यांतील पाणी सर्वांना दिसते. ज्याचे घर बुडाले त्याचे पाणी चुलीपाशी पडते.

आता पुन्हा आमच्या हमालाकडे वळू. पुढल्या मुलाखतीत आम्ही त्याला बाईचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. तो गप्प राहिला. त्याच्या पुढच्या मुलाखतीत त्याने विचारले, "पोरगं कितवीत आहे?" त्याला तुरुंगात कामाची मजुरी मिळे, त्यातले काही पैसे त्याने त्या मुलाच्या वह्या-पुस्तकांसाठी आमच्याकडे पाठविण्याची तजवीज केली. आम्ही मोठ्या समाधानाने ते घेऊन बाईकडे गेलो. तिने हात पुढे केला नाही. म्हणाली, "पैसे नका देऊ. माहा माणूस चोर नव्हता, एवढं त्याच्या हातानं लिहून आणा."

तेव्हा आम्हांस कळले की तिच्या घरातून दोन गोष्टी गेल्या होत्या. एक माणूस, आणि दुसरे त्याचे नाव. मारणाऱ्याने 'चोर' म्हटले, वकिलाने ते कोर्टात म्हटले, आणि लाज वाटते पण सांगितले पाहिजे, वर्गणी काढताना आम्हीही चार ठिकाणी ते म्हटले होते. घरी येऊन आम्ही प्रथमच मुकादमाची जुनी वही मागवून घेतली आणि त्या दिवसाची मोजणी पडताळली. पोती बरोबर होती. एकही जास्त मांडलेले नव्हते. हिशेब तपासणे हा आमचा धंदा; तोच एक हिशेब आम्ही कधी तपासला नव्हता.

त्याला वहीतील आकडे सांगितले. त्याचे अपील केव्हाच फेटाळले गेले होते. लिहून देण्याने खटल्यात काही बदलणार नव्हते. तरी तो तीन मुलाखती टाळत राहिला. शेवटी म्हणाला, "भाऊ, तो चोर नव्हता असं लिहिलं, तर मग माह्यापाशी काय राहिलं?" शिकलेल्या माणसाने ग्रंथ लिहूनही जे सांगता येणार नाही, ते त्याने एका वाक्यात सांगितले. इतकी वर्षे त्याने एकाच काठीवर भार दिला होता आणि तीच आम्ही मागत होतो. पहिला कागद त्याने लिहिला, त्यात ऊन होते, दारू होती, मुकादम होता, गरिबी होती. मेलेला माणूस मात्र नव्हता. आम्ही तो परत केला. दुसऱ्या कागदावर त्याने स्वतःला इतकी दूषणे दिली होती की त्यातही तो माणूस हरवला. तिसरा कागद सात ओळींचा होता. तुझ्या नवऱ्याने पोती बरोबर मांडली होती. मी त्याला खोटे बोललो. त्याच्या हातात काही नव्हते. अशा साध्या ओळी. चार वर्षांची अंकलिपी त्या सात ओळींसाठी होती, असे आम्हांस त्या दिवशी वाटले.

बाईने कागद मुलाकडून वाचवून घेतला. रडली नाही. "माफ केलं असं मी म्हणणार नाही," एवढे म्हणाली, आणि कागद घडी करून रेशनकार्डाजवळ पत्र्याच्या पेटीत ठेवला. मग म्हणाली, "आता हे बाजारात सांगा. जिथं चोर म्हटलं तिथंच." हमालांच्या पुढच्या सभेत आम्ही उभे राहून वहीतील आकडे वाचले आणि आमची चूक कबूल केली. वह्या-पुस्तकांचे पैसे तिने त्यानंतर घेतले.

येथे एक खबरदारी सांगितली पाहिजे. पीडिताच्या दारी कैद्याला किंवा त्याच्या पत्राला नेणे हे औषध आहे, आणि मात्रा चुकली तर विष. ज्याचे दुःख आहे त्याने मागितल्याशिवाय त्याच्यापुढे काही नेऊ नये. त्याच्याकडून क्षमेची अपेक्षा धरू नये. आणि कैद्याच्या माफीचे दिवस अशा पत्रावर अवलंबून ठेवू नयेत. नाही तर पश्चात्तापाचे छापील नमुने निघतील. सॅन ब्रूनोच्या वर्गात दुसऱ्याच गुन्ह्यांचे बळी येऊन बोलत, त्यात हा शहाणपणा आहे.

पैशाच्या बाजूविषयीही आम्हां कामगारांनी मन साफ केले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली गुजरातच्या प्रकरणात असे सांगितले की, सक्तमजुरीच्या कैद्यास कामाचा रास्त मोबदला दिला पाहिजे. आणि त्यातील काही वाटा पीडितांच्या भरपाईसाठी बाजूला ठेवण्याचा कायदा राज्यांनी करावा. मजुरीतून कपात म्हटले की आमच्या कपाळाला आठी पडते. पण या कपातीला आम्ही विरोध करीत नाही; मात्र आधी मजुरी रास्त हवी. चार आण्यांतून दोन आणे कापून कोणाचेही पोर शिकत नाही. शिवाय २००९ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती होऊन पीडितास सरकारी योजनेतून भरपाई मागण्याचा हक्क मिळाला, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही तो कायम आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. अंगावर थप्पी कोसळून हमाल मेला तर आम्ही भरपाईच्या अर्जासाठी रात्र जागवितो. तोच सोबत्याच्या हाताने मेला तर अर्ज करण्याचे आम्हांस सुचत नाही. आमच्या संघटनेत आता असा नियम केला आहे की, असे काही घडले तर दोन पावतीपुस्तके निघतील. एक आरोपीच्या वकिलासाठी, दुसरे मेलेल्याच्या घरासाठी. आणि दुसऱ्या घरी आधी जावयाचे.

आमचा तो हमाल अजून आत आहे. आणखी काही वर्षांनी तो सुटेल. त्याला दुसरे गाव नाही. तो याच बाजारात येईल, आणि ती बाई याच बाजारात भाजी घेऊन बसलेली असेल. मुलगा आता दहावीत आहे. त्या दिवशी काय होईल हे आम्ही सांगू शकत नाही. मात्र त्या दिवसाची तयारी तुरुंगाच्या भिंतीआड जेवढी व्हावयास हवी, तेवढीच ती बाहेर, आपल्या बाजारात, व्हावयास हवी. तिने ती आपल्या परीने केली आहे. गेल्या महिन्यात ती आम्हांस म्हणाली, "आला तर येऊ द्या. पण माह्या दुकानासमोरून जाताना मान खाली घालून नको जाऊ म्हणा. वर पाहून जाऊ दे. माहं पोरगं कसं दिसते ते त्यानं पाहावं."

तो निरोप आम्ही पुढच्या मुलाखतीस घेऊन जाणार आहोत.